तुतारी कोणाची? प्रभात फिल्म कंपनी आणि तिच्या मालकीचा इतिहास

१/
पुण्यात डेक्कन जिमखान्याजवळून जाणाऱ्या एका रस्त्याला ‘प्रभात रोड’ म्हणतात. रोज हजारो लोक तिथून जातात. हे नाव एका चित्रपटकंपनीचे आहे, हे त्यांपैकी पुष्कळांना ठाऊक असते. ती कंपनी पुण्याची नसून कोल्हापूरची होती, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. ती कोणाच्या मालकीची होती आणि ती मालकी पुढे कोठे गेली, हे तर जवळजवळ कोणीच विचारत नाही. हा धागा त्याच प्रश्नाविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आज ‘मीडिया कंपनी’ म्हटले की एकाच छत्राखाली निर्मिती, वितरण, चित्रगृहे आणि संगीत सांभाळणारे मोठे उद्योगसमूह डोळ्यांसमोर येतात. मराठी मुलखात असा उद्योग नव्वद वर्षांपूर्वी उभा राहिला होता. स्वतःचा स्टुडिओ, स्वतःची रसायनशाळा, पगारी नट आणि तंत्रज्ञ, मराठी व हिंदी अशा दोन भाषांत एकाच वेळी निर्मिती, आणि स्वतः चालवलेले चित्रगृह, असा त्याचा पसारा होता. तुतारी फुंकणारी स्त्री हे त्याचे बोधचिन्ह होते. त्याची मुळे मात्र एका सुताराच्या आणि पडदे रंगवणाऱ्याच्या हातात होती.

३/
बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म कोल्हापूरचा, १८९० सालचा. घराणे सुतारकामाचे. आतेभाऊ आनंदराव यांच्यासह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत, म्हणून लोक दोघांना ‘पेंटर’ म्हणू लागले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि या दोघांना चलच्चित्राचे वेड लागले. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी तो घरीच घडवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडले नाही, आणि विष्णुपंत दामले या हरहुन्नरी सहकाऱ्याच्या साहाय्याने कॅमेरा पुरा केला.

४/
कॅमेरा हाताने घडवता येतो, भांडवल घडवता येत नाही. ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ला पहिले मोठे आर्थिक बळ दिले ते कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी. मराठी चित्रपटाच्या आरंभीच्या भांडवलात एका गायिकेचे द्रव्य आहे, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत आटोपली जाते. छत्रपती शाहू महाराजांचाही या उद्योगाला आश्रय होता. म्हणजे सुरुवातीपासूनच कसब एकाचे, पैसा दुसऱ्याचा आणि छत्र तिसऱ्याचे, अशी विभागणी होती. पुढच्या सगळ्या कथेत ही विभागणी पुन्हा पुन्हा दिसते.

५/
कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात आर्यन चित्रगृहात झळकला. पुरुषांनी लुगडी नेसून स्त्रीभूमिका करण्याच्या त्या काळात बाबूरावांनी त्यात प्रत्यक्ष स्त्रियांना उभे केले. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमाकेसरी’ म्हटल्याचे सांगतात. १९२५ साली ‘सावकारी पाश’ आला. सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची ती कथा होती. त्यात तरुण शेतकऱ्याचे काम करणारा मुलगा कोल्हापूरचाच होता आणि त्याचे नाव शांताराम वणकुद्रे. देवादिकांच्या कथांत रमलेल्या पडद्यावर कर्ज आणि जमीन हे विषय आले ते कोल्हापुरातून.

६/
महाराष्ट्र फिल्म कंपनी ही खरे पाहता एक शाळाच होती. दामले यंत्रे सांभाळत. कागलचे शेख फत्तेलाल, म्हणजे सर्वांचे ‘साहेबमामा’, देखावे उभारत. केशवराव धायबर छायाचित्रण शिकले. शांताराम पडेल ते काम करत दिग्दर्शनापर्यंत पोहोचले आणि १९२७ साली त्यांनी ‘नेताजी पालकर’ केला. दामले आणि फत्तेलाल यांनी १९२८ साली ‘महारथी कर्ण’ केला. काम सगळे करत होते, कंपनी मात्र त्यांच्यापैकी कोणाचीच नव्हती. ही जाणीव पुढच्या घटनेच्या मुळाशी होती, असे मानायला पुरेशी जागा आहे.

७/
१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन झाली. भागीदार पाच: विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर, व्ही. शांताराम आणि सराफीतले सीतारामपंत कुलकर्णी. पहिल्या चौघांचे भांडवल म्हणजे त्यांचे हात. दामल्यांची यंत्रे आणि पुढे ध्वनिमुद्रण, फत्तेलालांचे कलादिग्दर्शन, धायबरांचा कॅमेरा, शांतारामांचे दिग्दर्शन. रोकड आली ती पाचव्याकडून. हिंदुस्थानात तोवर चित्रपटकंपन्या निघत होत्या त्या बहुधा एखाद्या धनिकाच्या किंवा एखाद्या कलावंताच्या नावाने. कारागिरांनीच मालक व्हावे, असा हा प्रयोग विरळा होता.

८/
या भागीदारीचे बळ तिच्या रचनेतच होते. चित्रपटाला लागणारे प्रत्येक मोठे कौशल्य मालकांपैकीच एकाच्या अंगी होते. दिग्दर्शक बाहेरून आणायचा नव्हता, छायाचित्रकाराला मोबदला मोजायचा नव्हता, देखाव्यांचे कंत्राट द्यायचे नव्हते. खर्च हाताबाहेर गेला तर तो स्वतःच्याच खिशातून जाणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. दर्जा घसरला तर नावही स्वतःचेच जाणार होते. दोन वर्षांत त्यांनी ‘गोपालकृष्ण’पासून ‘जुलूम’पर्यंत सहा मूकपट काढले.

९/
त्यांतल्या एकाची हकिगत सांगण्याजोगी आहे. शिवरायांवरच्या चित्रपटाचे मूळ नाव होते ‘स्वराज्याचे तोरण’. १९३० साल, मिठाच्या सत्याग्रहाचे. ‘स्वराज्य’ हा शब्द पडद्यावर येणे सेन्सॉरला मानवणारे नव्हते. चित्रपट अखेर ‘उदयकाल’ या नावाने आला. शिवाजी महाराजांचे काम स्वतः शांतारामांनी केले होते. १९३५ साली संत एकनाथांवरच्या ‘महात्मा’ला असेच ‘धर्मात्मा’ व्हावे लागले. मालकी भागीदारांची असली, तरी नाव कोणते द्यायचे याचा अखेरचा अधिकार सरकारचा होता.

१०/
मग पडदा बोलू लागला. १९३१ साली मुंबईत ‘आलम आरा’ आला आणि मूकपटांवर जगणाऱ्या कंपन्यांपुढे मरण उभे राहिले. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्या लाटेत टिकली नाही. प्रभातने मात्र ध्वनियंत्रणा घेतली, दामले ध्वनिमुद्रक झाले, आणि ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘अयोध्येचा राजा’ झळकला. हा पहिला मराठी बोलपट. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे त्यात होते. तोच चित्रपट त्याच देखाव्यांत हिंदीतही चित्रित केला होता. एका खर्चात दोन बाजारपेठा हे व्यापारी गणित प्रभातने पुढची दहा वर्षे कसोशीने सांभाळले.

११/
कोल्हापूरच्या या स्टुडिओत तमिळ चित्रपटही झाला. ‘सीता कल्याणम्’ हे त्याचे नाव, दिग्दर्शक बाबूराव पेंढारकर. दक्षिणेत बोलपटाची सोय नीटशी उभी राहिली नव्हती, तेव्हा मद्रासकडची कलावंत मंडळी कोल्हापुरात येऊन राहिली. १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा घाट घातला आणि त्यासाठी शांताराम जर्मनीला गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि पैसा बुडाला. परंतु करवीरच्या मंगळवार-बुधवारच्या पेठांत वाढलेली माणसे बर्लिनच्या प्रयोगशाळांत आपल्या फिल्मच्या रिळांसाठी हुज्जत घालत होती, एवढी या उद्योगाची झेप होती.

१२/
१९३३ सालीच प्रभातने कोल्हापूर सोडले. कारणे उघड होती. मुख्य बाजारपेठ मुंबईची. मुंबई–पुणे रुंद रेल्वेमार्ग होता, पण पुण्याहून मिरजमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी अरुंद रुळांवरची होती, म्हणजे पुण्याला सगळे सामान उतरवून पुन्हा चढवायचे. ही अडचण पुढे १९७१ साली मार्ग रुंद होईपर्यंत राहिली. शिवाय कोल्हापूर हे संस्थान होते. तिथे दरबाराची मर्जी हा व्यवसायाचा एक घटक होता. मर्जी म्हणजे आश्रय, तसाच अंकुशही. पुण्याजवळ एरंडवण्यात जागा घेऊन भागीदारांनी नवा, विस्तीर्ण स्टुडिओ बांधला. कंपनीबरोबर कोल्हापूरची अनेक कामगार कुटुंबेही पुण्याला गेली.

१३/
कोल्हापूरने हे मुकाट्याने सोसले नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने त्याच वर्षी ‘कोल्हापूर सिनेटोन’ उभी राहिली. प्रभातमधले बाबूराव पेंढारकर तिकडे गेले, भालजी पेंढारकर आणि मास्टर विनायक आले, आणि १९३४ साली ‘आकाशवाणी’ निघाला. राजघराण्यातील अक्कासाहेब महाराजांनी ‘शालिनी सिनेटोन’ काढली आणि तिथे वृद्धत्वाकडे झुकलेल्या बाबूराव पेंटरांना पुन्हा काम मिळाले. ‘सावकारी पाश’ त्यांनी १९३६ साली बोलपट म्हणून पुन्हा केला. म्हणजे पुण्यात कारागिरांच्या मालकीचा स्टुडिओ आणि कोल्हापुरात दरबाराच्या आश्रयाचे स्टुडिओ, असे दोन नमुने एकाच वेळी चालू होते.

१४/
दरबारी नमुन्याची मर्यादा लवकर दिसली. यंत्रे होती, जागा होती, पण मालक आणि कारागीर वेगळे होते. विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायाचित्रकार पांडुरंग नाईक बाहेर पडले आणि १९३६ साली त्यांनी ‘हंस पिक्चर्स’ काढली. पहिला चित्रपट ‘छाया’, लेखन वि. स. खांडेकरांचे. पाहा, १९२९ सालचीच गोष्ट पुन्हा घडली. दुसऱ्याच्या कंपनीत शिकलेली माणसे एकत्र येऊन स्वतः मालक झाली. कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत कंपन्या फुटत गेल्या त्या बहुतेक याच रेषेवर.

१५/
पुण्यात मात्र प्रभातचा मध्यान्ह चालू होता. १९३४ साली ‘अमृतमंथन’. डिसेंबर १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकाराम विष्णुपंत पागनीस. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. देहूच्या संताला जगापुढे नेणाऱ्या दोघांपैकी एक पेणकडचा ब्राह्मण आणि दुसरा कागलचा मुसलमान होता, याचे त्या काळी कोणाला नवल वाटले नाही. १९३७ साली ‘कुंकू’, १९३९ साली ‘माणूस’, १९४१ साली ‘शेजारी’. जरठविवाह, वेश्याव्यवसाय, हिंदू-मुसलमान मैत्री असे एकामागून एक विषय पडद्यावर आले.

१६/
व्यवसायाच्या बाजूनेही पसारा वाढला होता. फेमस पिक्चर्सचे बाबूराव पै वितरणाची बाजू पाहत आणि पुढे ते कंपनीच्या कारभारातही आले. पुण्यात १९३४ साली ‘प्रभात’ चित्रगृह सुरू झाले. या चित्रगृहाची गोष्ट मालकीच्या दृष्टीने बोलकी आहे. नाव प्रभातचे, चालवणारे प्रभातचे, पण वास्तू किबे कुटुंबाची आणि ताबा भाडेकराराने. ऐंशी वर्षे पुणेकर ‘प्रभातला जाऊ’ म्हणत राहिले. २०१४ साली करार संपला, वास्तू मूळ मालकांकडे गेली आणि दर्शनी भागावरचे नाव बदलले. लोकांच्या तोंडचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव यांचा संबंध असेलच असे नाही.

१७/
या सोनेरी काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मालक कारागीर होते, म्हणून सगळेच कारागीर मालक झाले असे नव्हे. नटनट्या पगारावर आणि करारावर बांधलेल्या असत. बाहेर काम करायला मुभा नसे. ‘कुंकू’ची नायिका शांता आपटे ही त्या काळची सर्वांत लोकप्रिय गायिका-अभिनेत्री होती. १९३९ साली करारावरून वाद झाला, तेव्हा ती प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली. अन्यायाविरुद्ध उभी राहणारी नीरा पडद्यावर साकारणाऱ्या स्त्रीवर त्याच कंपनीच्या दारात अन्न सोडून बसण्याची वेळ यावी, याहून तीक्ष्ण टीका कोणत्या समीक्षकाने केली असती?

१८/
भेगा वरच्या मजल्यावरही पडत होत्या. स्टुडिओत काम करणाऱ्या स्त्रियांशी भागीदारांनी खाजगी संबंध जोडू नयेत, असा त्यांच्यात आपसांत ठराव होता, असे सांगतात. धायबरांनी अभिनेत्री नलिनी तर्खड यांच्याशी विवाह केला आणि १९३६ सालच्या ‘राजपूत रमणी’नंतर ते कंपनीबाहेर पडले. पाचांतला एक गेला. कॅमेरा धरणारा हात बदलता येतो, म्हणून चित्रपट थांबले नाहीत. पण भागीदारी ही शेवटी माणसांची मोट असते. एक दोरा सुटला की बाकीचे सैल होतात.

१९/
दुसरा धक्का फार मोठा होता. १९४१ साली शांतारामांनी ‘शेजारी’तील नायिका जयश्री यांच्याशी विवाह केला. मतभेद त्याआधीही होते. दामले-फत्तेलाल यांची शांत, संतचरित्रांत रमणारी वृत्ती आणि शांतारामांची नव्या विषयांची व नव्या तंत्राची ओढ, या दोहोंतला ताण चित्रपटांतही वाचता येतो. १९४२ साली शांताराम बाहेर पडले आणि मुंबईत परळला वाडिया मूव्हिटोनच्या जागेत त्यांनी ‘राजकमल कलामंदिर’ स्थापन केले. नाव वडील राजाराम आणि आई कमला यांच्यावरून. वसंत देसाई त्यांच्याबरोबर गेले. १९४३ चा ‘शकुंतला’ मुंबईत दोन वर्षे चालला.

२०/
नव्या कंपनीच्या नावातच मालकीविषयीचा धडा दडलेला आहे. ‘प्रभात’ हे नाव पाचांपैकी कोणाचेच नव्हते, म्हणून ते पाचांचेही होते. ‘राजकमल’ एका घराचे नाव होते. पाच जणांची कंपनी उभारून पाहिलेल्या माणसाने दुसऱ्यांदा उभारताना भागीदार घेतले नाहीत, एवढी एकच गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

२१/
शांताराम गेल्यावर प्रभात लगेच संपली नाही. १९४४ साली गजानन जागीरदारांचा ‘रामशास्त्री’ आला, तो मराठीतल्या उत्तम चरित्रपटांपैकी एक मानला जातो. १९४६ सालच्या ‘हम एक हैं’मधून देव आनंद पडद्यावर आले. गुरुदत्त त्याच स्टुडिओत उमेदवारी करत होते. दोघांची मैत्री तिथलीच. शाळा म्हणून प्रभातचे तेज शेवटपर्यंत टिकले. पण ५ जुलै १९४५ रोजी विष्णुपंत दामले वारले. कंपनीतले सर्वांत मितभाषी आणि सर्वांत भरवशाचे माणूस गेले. पाचांपैकी आता ज्यांच्या जोरावर निर्मिती चालावी असे फत्तेलाल तेवढे उरले होते.

२२/
युद्धकाळात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले. युद्धात पैसा कमावलेले नवे भांडवलदार व्यवसायात उतरले. त्यांना स्टुडिओ नको होता, नट हवा होता. पगारी नट ही कल्पनाच कोसळली आणि एका चित्रपटाची बिदागी बारमाही पगारापेक्षा मोठी झाली. शेकडो माणसांना दरमहा पोसणारा स्टुडिओ हा आधार राहिला नाही, ओझे झाला. १९५० नंतर दोन-तीन वर्षांतच प्रभातचे फाटक बंद झाले आणि मालमत्ता लिलावात गेली.

२३/
इथे थोडे थांबू. ‘भागीदार भांडले म्हणून प्रभात बुडाली’ असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. तिच्या दोन मोठ्या समकालीन कंपन्यांकडे पाहा. कलकत्त्याची न्यू थिएटर्स ही बी. एन. सरकार या एका मालकाची. मुंबईची बॉम्बे टॉकीज ही भागधारकांची मर्यादित कंपनी. तिचे संस्थापक हिमांशू रॉय १९४० साली वारले आणि १९४३ साली एक गट फुटून ‘फिल्मिस्तान’ निघाली. एकमालकी, भागीदारी आणि भागधारकांची कंपनी, असे हे मालकीचे तीन वेगळे प्रकार. तिन्ही कंपन्या १९५० च्या दशकात संपल्या. म्हणजे आयुष्य ठरवले ते काळाने.

२४/
मग मालकीने काय ठरवले? मागे उरलेल्याचे काय व्हायचे, ते. प्रभातचे तीन तुकडे झाले. पहिला तुकडा जमीन आणि इमारती: त्या अखेर भारत सरकारकडे गेल्या आणि तिथे १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. दुसरा तुकडा चित्रपट: ते कंपनीबाहेर गेले होते, पुढे विष्णुपंतांचे चिरंजीव अनंतराव दामले यांनी खटपट करून त्यांचे हक्क परत मिळवले. तिसरा तुकडा नाव: ते रस्त्यावर आणि चित्रगृहावर राहिले. पाचांनी एकत्र बांधलेली गोष्ट पुन्हा कधी एका हाती आली नाही.

२५/
या तिन्हींत सर्वांत नाजूक होता दुसरा तुकडा. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे ज्वालाग्राही. न जळता राहिली तरी आपोआप कुजणारी. प्रभातच्या बोलपटांपैकी बरेच आज पाहता येतात, याचे श्रेय एका वारसाच्या चिकाटीला आणि १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आहे. तरीही जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातची मूळ रिळेही तीत गेली. कोल्हापुरात झालेले मूकपट तर त्याआधीच बहुतांशी नष्ट झाले होते. शांतारामांनी साकारलेले शिवराय आज आपण पाहू शकत नाही.

२६/
आता पुन्हा कोल्हापूर. दरबारी आश्रयाने उभी राहिलेली कोल्हापूर सिनेटोनची वास्तू पुढे भालजी पेंढारकरांकडे आली आणि ‘जयप्रभा स्टुडिओ’ झाली. गांधीहत्येनंतरच्या १९४८ सालच्या जाळपोळीत तो स्टुडिओ जळाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला, पण कर्जाच्या बोज्याने मालकी सोडावी लागली. विकत घेतला तो लता मंगेशकरांनी. विनायकांच्या कंपनीत बालवयात काम केलेल्या लताबाईंचे या शहराशी नाते जुने होते. भालजी तिथेच काम करत राहिले. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ यांना लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले. मालक आणि कलावंत यांच्यात कागदापलीकडचे नाते असले की काय होते, याचे हे उदाहरण.

२७/
परंतु नाते माणसांबरोबर संपते, कागद मागे राहतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये लताबाईंचे निधन झाले आणि त्याच सुमारास जयप्रभाची जागा विकली गेल्याची बातमी कोल्हापुरात पसरली. चित्रपट व्यावसायिक आणि नागरिक स्टुडिओच्या दारात आंदोलनाला बसले. ही जागा चित्रनिर्मितीसाठीच राहावी, ही त्यांची मागणी होती. कायद्याने जागा खाजगी, भावनेने शहराची. ‘हा स्टुडिओ आमचा आहे’ असे कोल्हापूरकर म्हणत होते, तेव्हा ‘आमचा’ या शब्दाला खरेदीखतात जागा नव्हती.

२८/
तुलनेसाठी याच शहरातले एक वेगळे उदाहरण. १९३९ साली ग. गो. जाधव यांनी कोल्हापुरात दैनिक ‘पुढारी’ सुरू केले. प्रभातची भागीदारी सैल होत होती त्याच काळात हे पत्र जन्मले. ते एका कुटुंबाच्या मालकीत राहिले, पिढ्या बदलल्या तरी चालत राहिले, आणि वृत्तपत्राला नभोवाणी केंद्राची व वृत्तवाहिनीची जोड मिळाली. मालकी एका घरात राहिली की संस्था टिकते, हा त्यातून निघणारा सरळ अर्थ. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, आणि तो देशातल्या प्रत्येक कौटुंबिक माध्यमसमूहाला लागू आहे: टिकाऊपणाची किंमत म्हणून किती आवाज एका घरातून बोलतात? प्रभातचे पाच आवाज होते. म्हणून ती मोडली, आणि म्हणूनच ‘तुकाराम’ आणि ‘कुंकू’ ही दोन अगदी भिन्न प्रकृतींची चित्रे एकाच वर्षभराच्या अंतराने त्याच स्टुडिओतून निघू शकली.

२९/
म्हणून ‘प्रभात कोणाची?’ या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलते. १९२९ साली ती पाच जणांची होती. १९३९ साली फाटकाबाहेर बसलेल्या शांता आपटेला विचारले असते तर ती फक्त आत बसलेल्यांची होती. लिलावाच्या दिवशी ती बोली लावणाऱ्याची होती. आज तिची भूमी विद्यार्थ्यांची आहे, चित्रे वारसांनी आणि संग्रहालयाने राखलेली आहेत, आणि ज्या शहरात ती जन्मली त्या शहराकडे तिच्या मालमत्तेतले काहीही नाही.

३०/
कोल्हापूरकरांनी याचा विषाद जरूर करावा, पण तेवढ्यावर थांबू नये. मोरेवाडीला शासनाची चित्रनगरी आहे. घराघरांत जुने छायाचित्र, पोस्टर, पगाराची वही, एखादे करारपत्र अजून असेल. महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून जयप्रभापर्यंत या पेठांतले सुतार, रंगारी, शिंपी, लोहार यांनी हा उद्योग हातांनी उभारला, आणि मालकीच्या कोणत्याही कागदावर त्यांची नावे नाहीत. ती नावे ज्या चोपड्यांत असतील त्या रद्दीत जाऊ नयेत, एवढे तर आपल्या हाती आहे. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणी या कंपन्यांत कामाला असेल, तर त्यांची हकिगत लिहून ठेवावी.

धागा समाप्त.